रेईश मागूश किल्ला : इतिहास, जीर्णोद्धार व पर्यटन – एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

गोव्यातील मांडवी नदीच्या उत्तर तीरावर, पणजी शहरासमोर असलेला रेईश मागूश हा किल्ला पोर्तुगीज राजवटीने १५५१ मध्ये उभारला. नदीमुखाचे रक्षण करणारा गढ, व्हाइसरॉयांचे विश्रामस्थान, ब्रिटिश फौजेचा तळ, तुरुंग आणि अखेरीस ओसाड वास्तू अशा अनेक अवस्थांतून गेलेल्या या किल्ल्याचा २००८ ते २०११ या काळात जीर्णोद्धार झाला व २०१२ मध्ये तो सांस्कृतिक केंद्र म्हणून जनतेस खुला करण्यात आला. प्रस्तुत शोधनिबंधात या किल्ल्याचा इतिहास, त्याच्या जीर्णोद्धाराचे स्वरूप व तेथील प्रेक्षणीय बाबी यांचा आढावा घेऊन, जीर्णोद्धारित वास्तूने आपल्या इतिहासातील कोणता कालखंड प्रेक्षकांसमोर मांडावा या प्रश्नाचा विचार करण्यात आला आहे. त्या अनुषंगाने स्कॉटलंडमधील दोन किल्ल्यांशी तुलना केली असून कोपरगाव येथील राघोबादादांच्या वाड्याच्या संदर्भात काही निष्कर्ष मांडले आहेत.

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांमध्ये कागदपत्रे, नाणी व शिलालेख यांच्याबरोबरच वास्तूंनाही महत्त्वाचे स्थान आहे. कागद एका प्रसंगाची साक्ष देतो; वास्तू मात्र ती उभी असेपर्यंतच्या प्रत्येक काळाची साक्ष देत राहते. राजवट बदलली की वास्तूचा उपयोग बदलतो, भिंतींना नवी दारे पडतात, जुनी दारे बुजविली जातात, दरबाराच्या जागी कचेरी येते आणि दारूकोठाराच्या जागी कोठडी येते. हे सर्व फेरफार त्या वास्तूच्या इतिहासाचाच भाग असतात.

अशा वास्तूचा जीर्णोद्धार करावयाचा झाल्यास एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. वास्तू नेमक्या कोणत्या काळातील रूपात परत आणावयाची? ती प्रथम बांधली गेली त्या काळच्या, की तिच्या वैभवाच्या काळच्या? तिच्या पडत्या काळाचे, अपमानाचे व दुःखाचे अवशेष ठेवावयाचे की पुसून टाकावयाचे? हा प्रश्न केवळ स्थापत्यशास्त्राचा नसून इतिहासाच्या प्रामाणिकपणाचा आहे. जीर्णोद्धार हा दगडचुन्यात लिहिलेला इतिहास असतो आणि लेखी इतिहासाप्रमाणेच त्यातही निवड, वगळणूक व अतिशयोक्ती संभवते. या दृष्टीने रेईश मागूश किल्ल्याचे उदाहरण अभ्यासनीय ठरते.

उद्दिष्टे

१) रेईश मागूश किल्ल्याच्या इतिहासातील प्रमुख टप्प्यांचा आढावा घेणे.
२) किल्ल्याच्या जीर्णोद्धाराचे स्वरूप व तेथील प्रेक्षणीय बाबी यांचा परिचय करून देणे.
३) जीर्णोद्धाराच्या निरनिराळ्या दृष्टिकोनांची तुलना करून महाराष्ट्रातील, विशेषतः कोपरगाव परिसरातील ऐतिहासिक वास्तूंच्या संदर्भात त्याची उपयुक्तता तपासणे.

स्थान व नाव

रेईश मागूश किल्ला उत्तर गोव्यातील बार्देश तालुक्यात वेरे या गावाजवळ आहे. मांडवी नदी अरबी समुद्रास मिळण्यापूर्वी तिचे पात्र ज्या ठिकाणी अरुंद होते, त्या ठिकाणी उत्तर तीरावरील टेकडीच्या कड्यावर हा किल्ला बांधलेला आहे. समोरच्या तीरावर पणजी शहर आहे. पोर्तुगिजांची त्या काळातील राजधानी, म्हणजे आजचे जुने गोवे, नदीच्या वरच्या अंगाला होती. समुद्रातून राजधानीकडे जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला या टेकडीखालून जाणे भाग होते. त्यामुळे या टेकडीवर ज्याच्या तोफा, त्याच्या हाती राजधानीचे दार, अशी स्थिती होती.

पोर्तुगीज भाषेत ‘रेईश मागूश’ म्हणजे ज्ञानी राजे. बाल येशूच्या दर्शनास पूर्वेकडून आलेल्या तीन राजांची कथा ख्रिस्ती परंपरेत प्रसिद्ध आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी फ्रान्सिस्कन पंथीयांनी १५५५ मध्ये उभारलेले चर्च या तीन राजांना अर्पण केलेले असून बार्देशातील ते पहिले चर्च मानले जाते. चर्च व किल्ला यांचे नाव एकच आहे. गोव्यात सत्ता व धर्म यांची उभारणी किती जवळून झाली, हे एकमेकांस खेटून असलेल्या या दोन वास्तूंवरून सहज लक्षात येते.

किल्ल्याची उभारणी

अफोंसो द अल्बुकर्क याने १५१० मध्ये विजापूरच्या आदिलशाहीकडून तिसवाडी बेट जिंकून घेतले. मांडवीच्या उत्तरेकडील बार्देश मात्र त्यानंतरही आदिलशाही अंमलाखाली होते आणि नदीमुखावरील या टेकडीवर आदिलशाहीची सशस्त्र चौकी होती. १५४३ मध्ये बार्देश व सासष्टी हे प्रदेश पोर्तुगिजांच्या ताब्यात आले. त्यानंतर आठ वर्षांनी, १५५१ मध्ये, व्हाइसरॉय दों आफोंसो द नोरोन्या याच्या कारकिर्दीत या ठिकाणी पक्का किल्ला बांधण्यात आला.

आरंभीचा किल्ला आकाराने लहान होता. पुढे त्यात वेळोवेळी भर पडत गेली. व्हाइसरॉय कायतानु द मेलु इ काश्त्रु याच्या काळात, अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात, किल्ल्याची मोठ्या प्रमाणावर पुनर्बांधणी झाली व ती १७०७ मध्ये पूर्ण झाली. आज दिसणारे तट, बुरूज व बुरुजांच्या कोपऱ्यांवरील पहारेकऱ्यांच्या गोल कोठड्या यांचे स्वरूप प्रामुख्याने या पुनर्बांधणीतून आलेले आहे. किल्ल्यावर ३३ तोफा होत्या, अशी नोंद आढळते.

किल्ल्याचे बांधकाम जांभ्या दगडाचे आहे. हा दगड खाणीतून काढताना मऊ असल्याने सहज तासता येतो आणि हवेत राहिल्यावर कठीण होतो. कोकण व गोव्यातील बहुतेक जुनी बांधकामे याच दगडाची आहेत. मात्र जांभा सच्छिद्र असल्याने पाणी शोषून घेतो. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा देण्याची प्रथा होती. ही बाब पुढे जीर्णोद्धाराच्या चर्चेत महत्त्वाची ठरते.

लष्करी कार्याबरोबरच या किल्ल्याचा आणखी एक उपयोग होता. लिस्बनहून येणारे किंवा स्वदेशी परतणारे व्हाइसरॉय व वरिष्ठ अधिकारी यांच्या मुक्कामासाठी येथे निवासस्थान होते. राज्यकारभाराची सूत्रे घेण्यापूर्वीचा व सोडल्यानंतरचा काही काळ ते येथे व्यतीत करीत. शेजारच्या चर्चमध्ये व्हाइसरॉय दों लुईश द आताईद याची समाधिशिला असून तो १५८१ मध्ये मृत्यू पावला.

संघर्षाचा काळ

१६१२ मध्ये नदीमुखाच्या अगदी टोकाला आग्वाद किल्ला पूर्ण झाला. समुद्राकडून येणाऱ्या शत्रूस अडविण्याचे मुख्य कार्य आग्वादकडे गेले आणि रेईश मागूश ही संरक्षणाची दुसरी फळी बनली. सतराव्या शतकात डचांनी गोव्याच्या नाविक कोंडीचे प्रयत्न केले तेव्हा नदीमुखावरील या किल्ल्यांची साखळी पोर्तुगिजांचा मुख्य आधार होती.

जमिनीवरून आलेले संकट मराठ्यांचे होते. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांनी गोव्यावर स्वारी केली व मराठी फौजा बार्देश आणि सासष्टीत शिरल्या. शहाजादा शाहआलम याच्या नेतृत्वाखाली मोगल फौज कोकणात उतरल्याने मराठ्यांना माघार घ्यावी लागली.

१७३९ हे वर्ष पोर्तुगीज सत्तेच्या दृष्टीने त्याहून अधिक कठीण ठरले. उत्तरेस चिमाजी आप्पांनी वसईस वेढा घातला होता. त्याच वेळी व्यंकटराव घोरपडे यांच्या नेतृत्वाखाली मराठी फौजेने सासष्टीत प्रवेश करून मडगाव घेतले, तर सावंतवाडीकर भोसल्यांनी बार्देश व्यापले. बार्देशात त्या वेळी पोर्तुगिजांच्या ताब्यात केवळ दोन किल्ले राहिले. ते म्हणजे आग्वाद व रेईश मागूश. वसईच्या कुमकेस गोव्यातून सैन्य पाठविणे अशक्य व्हावे हा या दक्षिणेकडील मोहिमेचा हेतू होता व तो साध्य झाला. मे १७३९ मध्ये वसई पडली. बार्देश परत मिळविण्यासाठी पोर्तुगिजांना १७४१ मध्ये नवा व्हाइसरॉय मार्केज द लोरिसाल याच्या आगमनाची वाट पाहावी लागली.

मराठी इतिहासलेखनात वसईच्या विजयाचे वर्णन विस्ताराने येते. परंतु त्या मोहिमेच्या दक्षिणेकडील बाजूची चर्चा तुलनेने कमी होते. रेईश मागूशच्या तटावर उभे राहिले असता या बाजूचे महत्त्व स्पष्ट होते. नदीच्या पलीकडे राजधानी, अलीकडे शत्रूने व्यापलेला संपूर्ण तालुका आणि मध्ये टेकडीवरचा एक लहानसा किल्ला, अशी त्या वेळची परिस्थिती होती.

अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील फ्रेंच युद्धांचे पडसाद हिंदुस्थानात उमटले. फ्रेंचांपासून गोव्याचे रक्षण करण्याच्या कारणाने ब्रिटिश फौजा गोव्यात आल्या व १८१३ पर्यंत त्यांचा तळ तेथे राहिला. या काळात रेईश मागूश किल्लाही त्यांच्या ताब्यात होता. पोर्तुगिजांचा ध्वज कायम असताना किल्ल्यात इंग्रजांचे सैन्य असणे, यावरून त्या काळातील पोर्तुगीज सत्तेची दुर्बलता दिसून येते.

किल्ल्याचे तुरुंगात रूपांतर

एकोणिसाव्या शतकात या किल्ल्याचे लष्करी महत्त्व संपुष्टात आले. तोफांचा पल्ला वाढला, जहाजे बदलली आणि गोव्यास शेजारच्या ब्रिटिश सत्तेकडून आक्रमणाची भीती उरली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी किल्ल्याचा उपयोग तुरुंग म्हणून होऊ लागला. बाहेरच्यास आत येऊ न देण्यासाठी बांधलेले तट आतल्यास बाहेर जाऊ न देण्यासाठी वापरले जाऊ लागले. जगातील असंख्य किल्ल्यांच्या वाट्यास हीच परिणती आली आहे.

१८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगाव येथे नागरी स्वातंत्र्यासाठी सभा घेतली व गोवा मुक्तिलढ्यास नवे वळण मिळाले. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत अनेक स्वातंत्र्यसैनिकांना आग्वाद, रेईश मागूश इत्यादी ठिकाणी कैदेत ठेवण्यात आले. या लढ्यात महाराष्ट्राचा मोठा सहभाग होता. मे १९५५ मध्ये गोव्यात शिरलेल्या सत्याग्रहींच्या पहिल्या तुकड्यांमध्ये नानासाहेब गोरे व सेनापती बापट होते. सेनापती बापट हे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेरचे. १५ ऑगस्ट १९५५ रोजीच्या सामुदायिक सत्याग्रहावर पोर्तुगिजांनी गोळीबार केला व त्यात अनेक सत्याग्रही हुतात्मा झाले. गोव्याच्या तुरुंगांचा इतिहास म्हणूनच केवळ गोव्याचा नसून महाराष्ट्राचाही आहे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. तथापि रेईश मागूश येथील तुरुंग बंद झाला नाही. मुक्तीनंतरही तीन दशकांहून अधिक काळ, १९९३ पर्यंत, तेथे कैदी ठेवले जात होते. ही वस्तुस्थिती लक्षात घेण्याजोगी आहे. परकीय सत्तेने उभारलेल्या कोठड्या स्वतंत्र शासनानेही वापरल्या. १९९३ नंतर मात्र किल्ला रिकामा झाला. दरवर्षी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात रिकाम्या वास्तूचा ऱ्हास वेगाने होतो. छते कोसळली, झाडाझुडपांची मुळे तटांत शिरली आणि चिरे निखळू लागले.

जीर्णोद्धाराचे स्वरूप

या ओसाड किल्ल्याकडे हेलन हॅम्लिन या ब्रिटिश दानशूर महिलेचे लक्ष गेले. त्यांच्या नावाने असलेला न्यास, भारतीय सांस्कृतिक वारसा जतनासाठी १९८४ मध्ये स्थापन झालेली ‘इंटॅक’ ही संस्था आणि गोवा शासन यांच्या सहकार्याने जीर्णोद्धाराचा प्रकल्प आखण्यात आला. गोव्यातील प्रसिद्ध वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांच्याकडे कामाची सूत्रे होती. २००८ मध्ये काम सुरू होऊन ते २०११ मध्ये पूर्ण झाले आणि २०१२ मध्ये किल्ला जनतेस खुला झाला.

जांभ्याच्या बांधकामाचा जीर्णोद्धार करताना सर्वात मोठा प्रश्न पाण्याचा असतो. सिमेंटचा गिलावा दिल्यास भिंतीत मुरलेले पाणी आतच कोंडले जाते व दगड आतून झिजतो. चुन्याचा गिलावा मात्र ओल बाहेर पडू देतो. म्हणून जुन्या बांधकामास जुन्याच जातीचे साहित्य वापरणे हा भावनेचा नव्हे, तर बांधकामशास्त्राचा प्रश्न आहे. भिंती भक्कम राहण्यासाठी वर छप्पर आणि खाली पाण्याचा निचरा या दोन गोष्टी आवश्यक असतात. एखाद्या वास्तूवर लाखो रुपये खर्च करूनही छपराची दरवर्षीची देखभाल न झाल्यास तो खर्च व्यर्थ जातो.

या प्रकल्पाचे दुसरे वैशिष्ट्य असे की, वास्तूच्या दुरुस्तीबरोबरच तिच्या भावी उपयोगाचाही विचार झाला. केवळ पाहण्यासाठी राखलेली वास्तू हळूहळू पुन्हा ओसाड होते. तेथे प्रदर्शने, कार्यक्रम व अभ्यास यांची ये-जा असेल तरच रोजची झाडलोट, दिवाबत्ती व डागडुजी होत राहते. शासन, दाता आणि तज्ज्ञ संस्था या तिघांनी जबाबदारी वाटून घेतल्यामुळे मालकी शासनाकडे राहिली आणि कौशल्य व निधी बाहेरून आला. आपल्याकडे ‘महाराष्ट्र वैभव’ या स्मारक संगोपन योजनेमागेही हेच तत्त्व आहे. धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग किल्ला हे त्याचे एक परिचित उदाहरण होय.

किल्ल्यातील प्रेक्षणीय बाबी

पायथ्यापासून चढणीची वाट प्रवेशद्वाराकडे जाते. प्रवेशमार्गावर छतात एक छिद्र दाखविले जाते. दरवाजा फोडून आत शिरणाऱ्या शत्रूवर त्यातून उकळते तेल ओतण्याची योजना होती, असे सांगितले जाते. तुरुंगकाळातील आठवणींशी निगडित जागाही प्रेक्षकांना दाखविल्या जातात. एकाच वास्तूतील युद्धाची व शिक्षेची साधने अशी शेजारी शेजारी दिसतात.

वरच्या भागातील दालनांमध्ये चित्रकार मारिओ मिरांडा (१९२६–२०११) यांच्या चित्रांचे कायमस्वरूपी दालन आहे. गोव्यातील खेडी, बाजार, चर्चचे सण व सर्वसामान्य माणसे यांचे मिस्कील चित्रण करणाऱ्या या कलावंताचे निधन डिसेंबर २०११ मध्ये, म्हणजे किल्ला खुला होण्याच्या काही महिने आधी झाले. दुसऱ्या दालनात गोवा मुक्तिलढ्याची व स्वातंत्र्यसैनिकांची माहिती मांडलेली आहे. याशिवाय जीर्णोद्धारापूर्वीची व नंतरची छायाचित्रे पाहावयास मिळतात. इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी हा भाग विशेष उपयुक्त आहे. कारण वास्तूचा कोणता भाग जुना व कोणता नव्याने बांधलेला हे त्यावरून ताडून पाहता येते.

तटावरून मांडवीचे पात्र, समोरचे पणजी शहर व पश्चिमेस समुद्र असा विस्तृत परिसर दिसतो. हे दृश्य सुंदर आहेच, पण किल्ल्याच्या जागेची निवड का झाली हे समजून घेण्याचा तो सर्वात सोपा मार्गही आहे. खाली असलेल्या चर्चच्या पायऱ्यांपाशी सिंहाच्या शिल्पाकृती असून त्यांची शैली हिंदू मंदिरस्थापत्याची आठवण करून देते. दरवर्षी ६ जानेवारीस येथे तीन राजांचा सण साजरा होतो व राजांच्या वेषातील मुलांची मिरवणूक निघते. वास्तू व लोकजीवन यांचा संबंध अद्याप तुटलेला नाही, हे त्यावरून दिसते.

स्कॉटलंडमधील दोन उदाहरणे

रेईश मागूशच्या जीर्णोद्धाराचे मूल्यमापन करण्यासाठी अन्य देशांतील उदाहरणे उपयुक्त ठरतात. जीर्णोद्धारित किल्ल्यांच्या पर्यटनात स्कॉटलंड हा देश अग्रेसर आहे. तेथील दोन किल्ले दोन भिन्न मार्ग दाखवितात.

पहिला आयलीन डोनन. तीन सागरी खाड्यांच्या संगमावरील लहानशा बेटावर तेराव्या शतकात उभारलेला हा किल्ला १७१९ मध्ये ब्रिटिश आरमाराने तोफा डागून व सुरुंग लावून उद्ध्वस्त केला. त्या वेळी तेथे जॅकोबाइट बंडखोरांच्या साहाय्यास आलेले स्पॅनिश सैनिक होते. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षे तेथे केवळ भग्नावशेष होते. १९११ मध्ये जॉन मॅक्रे-गिलस्ट्रॅप यांनी ते बेट विकत घेतले आणि सुमारे वीस वर्षे काम करून १९३२ मध्ये किल्ला पुन्हा उभा केला. १९५५ मध्ये तो प्रेक्षकांस खुला झाला. आज तो स्कॉटलंडमधील सर्वाधिक छायाचित्रित किल्ल्यांपैकी एक आहे. पण पर्यटक ज्या भिंतींना मध्ययुगीन समजून न्याहाळतात, त्यांपैकी बहुतेक विसाव्या शतकातील आहेत.

दुसरा स्टर्लिंग. स्कॉटिश राजांचे हे निवासस्थान पुढे सैन्याच्या बराकीत रूपांतरित झाले. राजा चौथा जेम्स याच्या काळातील भव्य सभागृहात मजले व भिंती घालून सैनिकांच्या खोल्या करण्यात आल्या. १९६४ मध्ये सैन्याने किल्ला सोडला. त्यानंतर प्रदीर्घ अभ्यास करून सभागृहाचे मूळ रूप परत आणण्यात आले व १९९९ मध्ये ते काम पूर्ण झाले. राजवाड्याची दालने सोळाव्या शतकातील रूपात सजवून २०११ मध्ये खुली करण्यात आली. सभागृहाच्या बाहेरील भिंतींना दिलेला फिकट सोनेरी चुन्याचा रंग पाहून स्थानिकांमध्ये मोठा वाद झाला. करड्या दगडाची सवय झालेल्या डोळ्यांना मूळचा रंगच खोटा वाटू लागला होता.

आयलीन डोनन येथे नाश पावलेली वास्तू पुन्हा निर्माण करण्यात आली. स्टर्लिंग येथे बराकीचा कालखंड काढून राजवैभवाचा कालखंड निवडण्यात आला. दोन्ही ठिकाणी परिणाम आकर्षक आहे. तथापि १९६४ च्या व्हेनिस सनदेने घालून दिलेले तत्त्व येथे आठवावे लागते. जेथे अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे आणि वास्तूवर पडलेल्या सर्व कालखंडांच्या योग्य ठशांचा आदर राखला पाहिजे, असे ही सनद सांगते.

रेईश मागूश येथे यापेक्षा निराळा, तिसरा मार्ग दिसतो. तेथे किल्ला १५५१ च्या किंवा १७०७ च्या रूपात सजवून दाखविलेला नाही. व्हाइसरॉयांचे खोटे दरबार उभारलेले नाहीत. तोफा, तुरुंग, मुक्तिलढा व आधुनिक चित्रकला यांना एकाच छपराखाली जागा मिळाली आहे. या मार्गासही मर्यादा आहेत. १९६१ ते १९९३ या काळातील सामान्य कैद्यांचा इतिहास वीरांच्या इतिहासाइतका सहज मांडता येत नाही. पर्यटकास सुंदर दृश्य व हसविणारी चित्रे अधिक रुचतात आणि कोठडीचा इतिहास मागे पडण्याचा धोका राहतो. आग्वाद येथील मध्यवर्ती कारागृहाचाही पुढे जीर्णोद्धार होऊन ते डिसेंबर २०२१ मध्ये संग्रहालय म्हणून खुले झाले. त्यामुळे तुरुंगाची स्मृती कशी जपावी हा प्रश्न गोव्यात आता अधिकच महत्त्वाचा झाला आहे.

कोपरगावच्या संदर्भात

हा प्रश्न गोदाकाठी राहणाऱ्यांनाही परका नाही. सालबाईच्या तहानंतर (१७ मे १७८२) रघुनाथराव पेशवे यांनी राजकारणातून निवृत्त होऊन कोपरगाव येथे वास्तव्य केले व डिसेंबर १७८३ मध्ये त्यांचे निधन झाले. रेईश मागूशवरील १७३९ च्या संकटास कारणीभूत ठरलेल्या वसई मोहिमेचे सेनापती चिमाजी आप्पा हे त्यांचे चुलते. अटकेपर्यंत गेलेल्या मोहिमेचे नेतृत्व आणि नारायणरावांच्या खुनाचा आरोप, या दोन्ही गोष्टी ज्यांच्या नावाशी जोडल्या गेल्या, त्या पुरुषाच्या अखेरच्या दिवसांची साक्षीदार असलेली वास्तू म्हणजे कोपरगावचा राघोबादादांचा वाडा. १८८४ च्या अहमदनगर जिल्हा गॅझेटियरमध्ये या वाड्यात तालुक्याच्या सरकारी कचेऱ्या असल्याचा उल्लेख येतो. म्हणजेच रेईश मागूशप्रमाणे या वास्तूसही दोन आयुष्ये लाभली. एक पेशव्यांचे आणि दुसरे कचेरीचे.

वाड्याच्या जतनाचा विचार करताना पहिल्या आयुष्याकडेच सर्वांचे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. परंतु दुसरे आयुष्यही उपेक्षणीय नाही. सारा भरण्यासाठी, फिर्याद घेऊन किंवा जमिनीच्या कागदासाठी तालुक्यातील जो शेतकरी त्या दारात उभा राहिला, त्याचाही त्या वास्तूशी संबंध होता. किंबहुना पेशव्यांपेक्षा त्याचीच संख्या अधिक होती. जतनाच्या कामात कचेरीच्या काळातील प्रत्येक फेरफार ‘नंतरची विद्रूप भर’ म्हणून काढून टाकण्यापूर्वी त्याची मोजमापे, छायाचित्रे व नोंदी करून ठेवणे आवश्यक आहे. एकदा पाडलेली भिंत कागदावरही उरली नाही, तर तो कालखंड इतिहासातून नाहीसा होतो.

येथील वास्तुसाहित्य गोव्याहून भिन्न आहे. जांभ्याऐवजी काळा पाषाण, वीट व लाकूड यांचा वापर येथे होतो आणि नदीकाठच्या वास्तूंना पावसापेक्षा पुराचा व वाळवीचा उपद्रव अधिक असतो. परंतु तत्त्व तेच आहे. जुन्या साहित्याशी जुळणारे साहित्य वापरावे, छप्पर व निचरा प्रथम पाहावा आणि वास्तूस रोजचा उपयोग द्यावा. या कामी स्थानिक महाविद्यालयांना मोठा वाटा उचलता येईल. इतिहास विभागाने कागदपत्रे व मौखिक आठवणी जमवाव्यात, भूगोल विभागाने जागेची व पूररेषेची मोजणी करावी, मराठी विभागाने परिसरातील आख्यायिका नोंदवाव्यात. बेट भागातील शुक्राचार्य व कच यांच्याशी निगडित मंदिरे आणि राघोबादादांच्या स्मृतीशी जोडलेले हिंगणी यांचाही अशा नोंदणीत समावेश करता येईल.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात व एक, जिंजी, तामिळनाडूत आहे. या सन्मानामुळे मोठ्या किल्ल्यांकडे निधी व पर्यटक यांचा ओघ वाढणे अपेक्षित आहे. अशा वेळी तालुक्याच्या गावातील लहान वास्तू दुर्लक्षित राहण्याचा संभव असतो. रेईश मागूश हाही आकाराने लहान किल्ला आहे, ही गोष्ट या संदर्भात उत्साहवर्धक म्हटली पाहिजे.

निष्कर्ष

१) रेईश मागूश किल्ल्याचा इतिहास हा केवळ पोर्तुगीज लष्करी इतिहास नसून आदिलशाही, मराठे, ब्रिटिश व गोवा मुक्तिलढा यांच्याशी निगडित असा संमिश्र इतिहास आहे.

२) १७३९ च्या मोहिमेतील दक्षिणेकडील बाजू समजून घेण्यासाठी हा किल्ला महत्त्वाचे वास्तुसाधन आहे.

३) शासन, दाता व तज्ज्ञ संस्था यांच्या सहकार्यातून आणि वास्तूच्या भावी उपयोगाचा आधीच विचार केल्यामुळे या किल्ल्याचा जीर्णोद्धार यशस्वी झाला.

४) एकच वैभवशाली कालखंड निवडून वास्तू सजविण्यापेक्षा तिच्या सर्व कालखंडांना स्थान देणारा जीर्णोद्धार इतिहासाशी अधिक प्रामाणिक ठरतो. त्यासाठी अप्रिय व सामान्य वाटणाऱ्या कालखंडांच्या नोंदी प्रथम व्हावयास हव्यात.

५) कोपरगाव येथील राघोबादादांच्या वाड्यासारख्या वास्तूंच्या बाबतीत दस्तऐवजीकरणाचे कार्य जतनाच्या कामापूर्वी पूर्ण होणे आवश्यक असून स्थानिक महाविद्यालये ते करण्यास समर्थ आहेत.

वास्तूचे दगड पुन्हा बसविता येतात; तिच्या भिंतींनी पाहिलेला काळ पुन्हा निर्माण करता येत नाही. तो फक्त नोंदविता येतो आणि पुढील पिढीच्या स्वाधीन करता येतो. जीर्णोद्धाराच्या यशाची खरी कसोटी पर्यटकांच्या संख्येत नाही. ती वास्तू पाहून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यास तेथे कोण राहत होते, कोण लढले आणि कोण कोंडले गेले, हे तिन्ही सांगता येते की नाही, यात आहे.